पानांखाली, पत्र्याखाली : उपग्रह दिसत नाहीत तिथली जागा

रावेर-यावल पट्ट्यात हिवाळ्यात मोजणीला येणाऱ्या भूकरमापकाला एक अडचण नेहमीची आहे. जूनमध्ये लावलेला केळीचा मृगबाग तोवर पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो आणि पानं एकमेकांत मिसळून वरचं आभाळ झाकतात. बांधावर, उघड्यावर रोव्हर (उपग्रहांच्या लहरींवरून जागा मोजणारं यंत्र) ठेवला तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या राज्यातल्या ७७ कॉर्स केंद्रांच्या, म्हणजे उपग्रहांच्या लहरी अखंड नोंदवणाऱ्या पक्क्या केंद्रांच्या, आधारानं तो तीनेक सेंटीमीटरच्या आत जागा सांगतो. तोच रोव्हर बागेत चार ओळी आत नेला की पडद्यावरचा 'फिक्स' (पक्कं उत्तर) जातो, 'फ्लोट' (कच्चं उत्तर) येतो आणि सेंटीमीटरची भाषा मीटरवर जाते. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर एक मीटर इकडेतिकडे म्हणजे जवळपास दोन गुंठे. दोन गुंठ्यांवरून भावाभावांचं बोलणं तुटलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत, म्हणून हा प्रश्न यंत्राच्या पडद्यापुरता राहत नाही.

असं का होतं? जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांच्या लहरी इतक्या क्षीण होतात की एका वॉटचे शंभर कोटी भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, साधारण तेवढी शक्ती अँटेनाच्या वाट्याला येते. मोबाइलला पाच मीटरची अचूकता चालते, त्यामुळे तो एवढ्यावर निभावून नेतो. रोव्हरला मात्र उपग्रहापासून आपल्यापर्यंत १९ सेंटीमीटर लांबीच्या किती लहरी मावतात याचा पूर्णांकात हिशेब लागतो. केळीचं पान दोन-अडीच मीटर लांब आणि पाण्यानं भरलेलं; एकेक पान लहरीची थोडी शक्ती शोषतं, थोडी भलतीकडे फेकतं. वाऱ्यानं पान हललं की क्षणभर लहर तुटते, चालू मोजणी तुटते, आणि पूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो. घनदाट बागेत तो सापडतच नाही.

या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. उपग्रह दिसत नाहीत किंवा अर्धवट दिसतात, अशा ठिकाणी बिनतारी लहरींनी जागा कशी ठरवायची आणि ठरवलेली जागा अधिक अचूक कशी करायची, हा तो विषय. खानदेशात अशा ठिकाणांची वाण नाही. केळीबागा आहेत, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाळमिलांची आणि चटई कारखान्यांची पत्र्याची लांबलचक शेडं आहेत, केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरच्या धातूचा पत्रा मढवलेल्या भिंती आहेत, सातपुड्याच्या घळी आहेत. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एखादं दुकान सांगताना माणसं रस्त्याचं नाव सांगत नाहीत, मजला आणि जिना सांगतात. तिथे मोबाइलवरचा निळा ठिपका आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे सांगू शकत नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच मांडतो. या क्षेत्रात नवी चिप आली की प्रश्न सुटेल अशी समजूत आहे. चिपनं मदत होते, पण बंदिस्त जागेतली अचूकता मुख्यतः त्या जागेच्या माहितीतून येते. भिंत कशाची आहे, पत्रा कुठे आहे, बाग किती महिन्यांची आहे, पोत्यांची थप्पी कुठे लागली आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याची मोजणी सुधारते. ही माहिती बाहेरून विकत मिळत नाही. ती तिथे राहणाऱ्यांनीच गोळा करावी लागते.

जागा ठरवण्याचं गणित आपल्या भागाला परकं नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. काळ शके ११२८, म्हणजे तेराव्या शतकाचा आरंभ. त्या मठात जे शिकवलं जात असेल त्यात 'लीलावती'तला छायाव्यवहार, म्हणजे सावल्यांचं गणित, असणारच, आणि त्यातलं एक उदाहरण या पुस्तकाच्या वाचकानं वही घेऊन सोडवावं असं मला मनापासून वाटतं. १२ अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे सावली मोजायचा खुंट, दिव्यासमोर उभा केला, त्याची सावली ८ अंगुळं पडली. शंकू त्याच रेषेत दोन हात मागे नेला, सावली १२ अंगुळं झाली. तर दिवा किती उंच आणि किती दूर? दिव्यापर्यंत पट्टी न नेता, दोन ठिकाणच्या मोजमापांवरून त्याची जागा काढायची आहे. हात म्हणजे २४ अंगुळं धरली की उत्तर येतं : दिवा १५६ अंगुळं उंच.

आता यात थोडी चूक घालून बघू. दुसरी सावली १२ ऐवजी साडेअकरा अंगुळं मोजली गेली, म्हणजे फक्त अर्ध्या अंगुळाची चूक. दिव्याची उंची येते सुमारे १७६ अंगुळं. अर्ध्या अंगुळाची चूक वीस अंगुळांची होऊन बाहेर पडली. आता शंकू दोन हातांऐवजी आठ हात मागे नेऊ. सावली २४ अंगुळं पडायला हवी. इथेही अर्धं अंगुळ कमी मोजू. उंची येते साधारण १६० अंगुळं. चूक तीच, तेवढीच, पण उत्तर पाच अंगुळांपेक्षाही कमी ढळलं. मोजणी सुधारली नाही, मोजणीच्या जागा एकमेकींपासून दूर नेल्या, एवढंच केलं. वाय-फायचे राउटर, ब्लूटूथचे बीकन किंवा अल्ट्रा वाइडबँडचे खांब कुठे लावायचे, हा प्रश्न आला की विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आठवायला सांगतो. सगळे खांब शेडच्या एकाच भिंतीवर, वायरिंगच्या सोयीनं लावले की कितीही महागडं यंत्र आणलं तरी आडव्या दिशेची चूक फुगते.

सातपुड्यात निसर्गच ही अडचण उभी करतो. सुकी, मोर, अनेर या नद्या उत्तरेकडून दक्षिणेला तापीकडे उतरतात, म्हणून त्यांच्या घळी बहुतांशी उत्तर-दक्षिण आहेत. घळीच्या तळाशी उभं राहिलं की पूर्वेचं आणि पश्चिमेचं आभाळ डोंगर झाकतात. दिसते ती उत्तर-दक्षिण पट्टी. दिसणारे सगळे उपग्रह त्या पट्टीतले. त्यामुळे उत्तर-दक्षिण जागा बरी येते आणि पूर्व-पश्चिम ढळते. पडद्यावर 'अचूकता १० मीटर' असा एकच आकडा दिसतो, पण ते दहा मीटर सगळ्या दिशांना सारखे नसतात. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीच्या दाव्यांसाठी हातातल्या जीपीएस यंत्रानं अनेक ठिकाणी मोजण्या झाल्या. अर्ध्या हेक्टरचा, साधारण सत्तर मीटर बाजूचा तुकडा घेतला आणि त्याची एक बाजू दहा मीटर आत सरकली तर सात गुंठे कागदावरून जातात. पन्नास गुंठ्यांच्या धन्याला सात गुंठे म्हणजे घरातलं धान्य. अशा घळीत मोजणाऱ्यानं एकाच फेरीवर थांबू नये. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर पुन्हा मोजावं आणि शक्य तिथे वरच्या उघड्या माथ्यावर एक पक्का बिंदू घेऊन तिथून खाली दृष्टिरेषा टाकावी.

केळीबागेत भूकरमापक तेच करतात. उघड्यावर रोव्हरनं दोन पक्के बिंदू घ्यायचे, तिथून टोटल स्टेशननं (दृष्टिरेषेतून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं) ओळींमधल्या फटीतून आतली खूण पकडायची. शंकू-साखळीच्या काळापासून आपल्या मोजणी खात्यात हा शहाणपणा आहे. लहरींवर भरवसा ठेवणाऱ्या नव्या पिढीनं तो टाकून देऊ नये.

बागेच्या आत माती-ओलाव्याची यंत्रं बसवायची असतील, कुठलं यंत्र कुठल्या ओळीत आहे हे आपोआप कळायला हवं असेल, तर मग खरोखर बिनतारी मोजणी लागते. इथे एक पेच आहे. तो नीट समजला की या विषयाचा बराचसा भाग समजला असं मी धरतो.

लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, ३० सेंटीमीटर जाते. अंतर मोजायचं म्हणजे वेळ मोजायचा. पण लहर सरळ एकटी येत नाही; जमिनीवरून, पत्र्यावरून, पानांवरून परावर्तित झालेल्या तिच्या प्रती मागोमाग येतात. सरळ आलेली आणि फिरून आलेली लहर वेगळी ओळखायची असेल तर संदेशाचा पट्टा रुंद हवा. हिशेब सोपा आहे : प्रकाशाच्या वेगाला पट्ट्याच्या रुंदीनं भागायचं; येईल त्याहून कमी अंतराचा फरक असलेल्या दोन लहरी सहज वेगळ्या ओळखू येत नाहीत. शेतीत आवडीनं वापरली जाणारी लोरा पद्धत आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये चालते. ही लहर पानांतून बऱ्यापैकी पार होते, किलोमीटरांवर पोहोचते आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालते. पण तिचा नेहमीचा पट्टा १२५ किलोहर्ट्झ. भागाकार करा, २.४ किलोमीटर येतात. गणिती कौशल्यानं ती चूक दहापट-वीसपट कमी केली तरी केळीची ओळ ओळखायला ती कामाची नाही. याच्या उलट अल्ट्रा वाइडबँड. पट्टा ५०० मेगाहर्ट्झ, भागाकार ६० सेंटीमीटर, आणि चांगल्या परिस्थितीत अचूकता १० ते ३० सेंटीमीटर. पण तिची ताकद मुद्दाम फार कमी ठेवलेली असते आणि ओल्या पानांच्या दोन-चार ओळींत ती दम तोडते. जी लहर आत शिरते ती बारीक मोजत नाही आणि जी बारीक मोजते ती आत शिरत नाही.

वाय-फाय या दोन टोकांच्या मध्ये आहे. ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा भागाकार पावणेचार मीटर. जाण्यायेण्याचा वेळ मोजून अंतर काढण्याची सोय २०१६ सालच्या वाय-फाय मानकात आली, २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ नं ती फोनमध्ये दिली, आणि मोकळ्या दालनात ती एक-दोन मीटरपर्यंत जागा सांगते. शेडमध्ये मात्र सरळ रेषा अडली की पहिली पोहोचणारी लहरच फिरून आलेली असते. एक गोष्ट इथे आपल्या बाजूची आहे : अडथळ्यामुळे अंतर नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. चुकीची दिशा ठाऊक असेल तर ती पकडता येते. तीन खांबांवर भागत असेल तिथे सहा लावावेत आणि ज्या अंतरांचं बाकीच्यांशी जुळत नाही, त्यातली फुगलेली अंतरं हिशेबातून बाजूला काढावीत.

आणखी एक गोष्ट परदेशी पाठ्यपुस्तकांत ओझरती असते, ती आपल्याकडे ठळक लिहायला हवी. ती म्हणजे ऊन. स्वस्त यंत्रातलं क्वार्ट्झचं घड्याळ २५ अंशांच्या आसपास बरोबर चालेल अशा बेतानं बनवलेलं असतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. दोन यंत्रांच्या घड्याळांच्या वेगात दहा लाखांत २० भागांचा फरक पडला आणि समोरच्या यंत्रानं उत्तर द्यायला एक मिलिसेकंद घेतला, तर अंतरात तीन मीटरची चूक येते. उपाय आहे : दोन्ही बाजूंनी विचारणा करून सरासरी काढली की या चुकीचा बहुतेक भाग आपोआप कटतो. पण ज्यानं आपली चाचणी डिसेंबरातल्या प्रयोगशाळेत उरकली, त्याला या उपायाची गरजच कळत नाही. खानदेशात अशा यंत्राची परीक्षा एप्रिल-मे महिन्यात, दुपारी, पत्र्याखाली व्हायला हवी. बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळे इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा दारातच उपलब्ध आहे.

लहरींचा वेळ न मोजता त्यांच्या जोराच्या ठशांवरून जागा ओळखण्याची दुसरी वाट आहे. परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टमध्ये २००० साली 'रडार' नावाचं काम प्रसिद्ध केलं. कार्यालयाच्या एका मजल्यावर त्यांनी तीन केंद्रं ठेवली, ७० ठिकाणी उभं राहून प्रत्येक केंद्राची लहर किती जोरात पोहोचते याची नोंद केली आणि पुढे अनोळखी नोंद त्या संग्रहाशी ताडून जागा सांगितली. चूक साधारण दोन-तीन मीटर. या पद्धतीत भिंती आणि परावर्तनं शत्रू राहत नाहीत. उलट प्रत्येक कोपरा त्यांच्यामुळेच वेगळा ओळखू येतो. मला या कामाचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते त्या ७० ठिकाणी जाऊन उभं राहण्यात. माणसाचं शरीर पाण्याचं, वाय-फायची लहर ते अडवतं. म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून नोंदी घेतल्या. हा सायास महाविद्यालयांच्या प्रकल्पांत मला क्वचित दिसतो. बहुतेक प्रकल्प संस्थेच्या मोकळ्या व्हरांड्यात होतात, त्यात 'अचूकता ९५ टक्के' असं लिहिलेलं असतं आणि ती कशाच्या ९५ टक्के हे सांगितलेलं नसतं.

ठशांचा संग्रह शिळा होतो, हे दुसरं. डाळमिलमध्ये तूर-हरभऱ्याच्या हंगामात पोत्यांच्या थप्प्या छताला टेकतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या हलतात. जानेवारीचा ठसा मे महिन्यात खोटा ठरतो. गोलाणी मार्केटमध्ये दुकान बदललं की राउटर बदलतो, कधी तोच राउटर दुसऱ्या मजल्यावर जातो. केळीबागेत तर ठसा दर आठवड्याला वाढतो. म्हणून संग्रह केला की काम संपलं असं मानू नये. त्याची देखभाल कोण करणार हे आधी ठरवावं. कामावरच्या हमालांच्या, दिवाणजींच्या फोननं रोज आपसूक चार नोंदी जमतील अशी सोय केली, तर ती देखभाल कुणावर ओझं न होता होते. अर्थात त्यांना विचारून. कोण कुठे उभा होता याची नोंद ही त्या माणसाचीही गोष्ट आहे, आणि मालकानं ती हजेरीसाठी वापरायची नाही, हे लेखी ठरलेलं असावं.

मजल्याचा प्रश्न वेगळा. जागा दहा मीटरनं चुकली तरी १०८ रुग्णवाहिकेची माणसं शोधून काढतात. मजला चुकला तर जिने चढण्या-उतरण्यात मिनिटं जातात. हवेचा दाब मोजणारी चकती आज बऱ्याच फोनांत असते. एका मजल्याला दाब हेक्टोपास्कलच्या जेमतेम एक तृतीयांशानं उतरतो आणि चकतीला तेवढा फरक सहज कळतो. पण आपल्या अक्षांशावर दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे दहा मजल्यांएवढा. सकाळी जुळवलेला फोन दुपारी तळमजल्यावर उभ्या माणसाला दहाव्या मजल्यावर दाखवेल. तळमजल्यावर एक चकती कायमची ठेवली आणि दोन्हींमधला फरकच तेवढा वापरला की हा दोष जातो. इतका स्वस्त उपाय या सबंध विषयात दुसरा नाही.

रेल्वेनं या विषयातून काय घेतलं हे भुसावळच्या वाचकांना सांगायला हवं. भारतीय रेल्वेनं गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच'मध्ये रुळांमधल्या स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवतात, साधारण किलोमीटरभराच्या अंतरानं आणि सिग्नलजवळ. इंजिन टॅगवरून गेलं की त्याला आपली नेमकी जागा आणि कुठल्या रुळावर आहोत हे कळतं. पुढच्या टॅगपर्यंत चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर धरलं जातं. फेऱ्यांच्या हिशेबात चूक साचत जाते, टॅग आला की ती पुसली जाते. शेजारशेजारच्या दोन रुळांत उपग्रह गफलत करू शकतात, बोगद्यात ते नसतातच. जिथे जीव अवलंबून आहेत तिथे जमिनीवर पक्की खूण ठोकण्याला पर्याय नाही, असा हा निर्णय आहे. अंधाऱ्या गोदामात चालणाऱ्या माणसाच्या बुटातल्या, पावलांवरून अंतर धरणाऱ्या संवेदकालाही हेच लागू आहे. पाऊल जमिनीवर टेकतं त्या क्षणी वेग शून्य असतो. त्या प्रत्येक क्षणी साचलेली चूक छाटता येते आणि दारातल्या एका ब्लूटूथ बीकननं उरलेली पुसता येते.

पुस्तकातल्या प्रत्येक प्रयोगाला नोंदीचा एक तक्ता जोडला आहे. त्यात जागेच्या आकड्याशेजारी चुकीचा अंदाज लिहायचा आहे, तोही दोन दिशांना वेगळा. शिवाय तारीख, वेळ, तापमान, मोजणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, बाग असेल तर लागवडीचा महिना आणि आदल्या रात्री पाणी दिलं होतं की नाही, शेड असेल तर थप्प्यांची उंची. हे रकाने भरायला कंटाळा येईल, तरी ते रिकामे ठेवू नयेत. पहिला प्रयोग केळीबागेचा आहे. तो जूनमध्ये लागवडीच्या वेळी, जमीन उघडी असतानाच सुरू करावा. तेव्हा रोव्हरनं सेंटीमीटरमध्ये घेतलेले आणि लोखंडी खुंट्या ठोकून पक्के केलेले बिंदू पुढे जानेवारीत, पानांखाली, प्रत्येक बिनतारी पद्धतीची चूक मोजायला उपयोगी पडतात. शेतकऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि खुंट्या नांगराच्या, मजुरांच्या पायांच्या वाटेत येणार नाहीत अशा ओळीच्या कडेला ठोकाव्यात.